आमचे आबा : डिलाईल रोडच्या गावकीच्या खोलीचे कारभारी

कोयनाकाठची

पाटण तालुक्यात कोयनेच्या काठी आमचं गाव. त्या गावाची मुंबईत एक खोली होती. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, 160 चौरस फुटांची. साठच्या दशकात त्या खोलीत तीस-पस्तीस माणसं नांदायची. त्या सगळ्यांचे हिशेब, मनीऑर्डरी, आजारपणं, भांडणं ज्यांच्या गळ्यात होती ते माझे आजोबा. सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा. गेल्या महिन्यात ते गेले. नव्वदी गाठली होती, शेवटपर्यंत हिंडते-फिरते होते.

आबा 1952 साली चुलत्यांचं बोट धरून मुंबईला आले. सुरुवातीला बदली कामगार. रोज पाळीच्या आधी गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कुणी खाडा केला असेल तर आत घेणार, नाहीतर परत खोलीवर. अशी काही वर्षं काढल्यावर साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या खात्यात, कायम झाले. आधी दोन साचे सांभाळायचे, पुढे चार.

साचाखात्यात इतका आवाज असतो की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. विणकर एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. आबांचे कान पन्नाशीतच गेले होते, पण समोर बसून बोललं की त्यांना अक्षर न् अक्षर कळायचं. लहानपणी आम्हा भावंडांना वाटायचं, आबांना मनातलं ओळखता येतं. स्वयंपाकघराच्या दारातून आजी पुटपुटली तरी ते ओसरीवरून उत्तर द्यायचे.

त्या पिढीची बायकामुलं बहुतेक गावीच असायची, तशी आमची आजीही. बाबा सांगतात, आबा वर्षातून दोनदा यायचे, यात्रेला आणि भातकापणीला. त्यामुळे मुलांना ते कमीच मिळाले. आम्हा नातवंडांना मात्र मनसोक्त मिळाले. गावी आल्यावर त्यांनी पारावरचं वर्तमानपत्र, निराधार योजनेचे अर्ज, सप्ताहाची वर्गणी, बँकेची पासबुकं असं सगळं अंगावर घेतलं. ज्याला कागद वाचता येत नाही त्याने आबांच्या ओसरीवर यायचं, हा गावचा रिवाजच पडला.

पण मला लिहायचंय ते खोलीबद्दल. खोलीची एक वही आहे. लाल कापडी बांधणीची लांबट चोपडी, व्यापारी वापरतात तशी. अशा एकूण पाच चोपड्या आबांनी ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. कार्य उरकल्यावर बाबांनी आणि काकांनी त्या बाहेर काढल्या. पहिल्याच चोपडीच्या आतल्या पानावर आबांच्या अक्षरात लिहिलंय:

"खोली गावाची. भाडेपावतीवर नाव माझे आहे ते सोयीपुरते. माझ्या मागे माझ्या मुलांनी हक्क सांगू नये."

खाली सतरा जणांच्या सह्या आणि अंगठे.

आता चाळीचा पुनर्विकास सुरू आहे. त्या 160 फुटांच्या बदल्यात 500 चौरस फुटांचं घर मिळणार, तेही लोअर परळमध्ये. कागदावर हक्क आमच्या घराचा लागतो. बाबा आणि काकांनी ठरवलंय की आबांनी लिहिलं तेच खरं, घर ग्रामस्थ मंडळाचं. मुंबईत शिकायला, दवाखान्याला, नोकरी शोधायला येणाऱ्या गावच्या माणसांसाठी ते राहावं.

या धाग्यामागे दोन हेतू आहेत. एक तर आबांच्या आठवणी कुणाकडे असतील तर त्या इथे जमाव्यात. ज्या वर्षांत ते आमचे नव्हते, खोलीचे होते, त्या वर्षांतले आबा आम्हाला फारसे माहीत नाहीत. आणि दुसरं म्हणजे, वहीतली बरीच नावं नुसती 'धोंडीचा थोरला', 'वरच्या आळीचा' अशी आहेत. पाटण, ढेबेवाडी, हेळवाक या बाजूची आणि डिलाईल रोडला राहिलेली मंडळी इथे असतील तर कृपया लिहा.

सह्याद्री72

भावपूर्ण श्रद्धांजली. तुमच्या बाबा-काकांना माझा नमस्कार सांगा. आज असा निर्णय घेणारं घर विरळा.

आंबेडखोऱ्यातला

आम्ही कोकणातले, पण गोष्ट तीच. करी रोडला आमच्या गावाच्या दोन खोल्या होत्या. माझ्या आजोबांकडून ऐकलेलं लिहितो, म्हणजे नव्या वाचकांना तीस-पस्तीस माणसं एका खोलीत मावायची कशी ते कळेल.

गिरणीच्या तीन पाळ्या असत. पहिली सकाळी 7 ते दुपारी साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री 12, तिसरी 12 ते सकाळी 7. पहिलीवाले कामावर गेले की तिसरीवाले येऊन त्याच जागेवर अंग टाकायचे. जागा माणसाची नसायची, पाळीची असायची. प्रत्येकाची एक ट्रंक भिंतीला लागून, ट्रंकांवर ट्रंका, वर वळणीवर कपडे. उन्हाळ्यात निम्मी माणसं गॅलरीत, जिन्यात, नाहीतर रस्त्यावर पथारी टाकत. पावसाळ्यात मात्र हाल. दुसरी पाळी सुटून आलेल्याला पाय ठेवायला जागा नसे, तो भिंतीला टेकून बसूनच झोपायचा.

जेवण खोलीत नव्हतं. चाळीतच एखादी बाई खानावळ चालवायची. महिन्याचे पैसे ठरलेले. गावी गेलात किंवा जेवायला आला नाहीत तर तितके खाडे धरून पैसे कमी व्हायचे. महिनाअखेरी खाड्यांवरून हमखास वाद. आमच्या आजोबांच्या खोलीत एक माणूस खाड्यांची नोंद भिंतीवर कोळशाने करायचा.

तुमच्या आबांसारखा कारभारी प्रत्येक खोलीला असायचा, पण पहिल्या पानावर असं लिहून ठेवणारा मी तरी पहिल्यांदाच ऐकतोय. आमच्या दोनपैकी एक खोली पावतीवर नाव असलेल्याच्या मुलांनी परस्पर विकली. गावाला कळलं तेव्हा कुलूप बदललेलं होतं.

साचेवाला

ताई, तुमच्या आबांच्या हाताखाली मी साचा शिकलो. आज वय सत्तरीच्या पुढं आहे, नातू टाइप करून देतोय.

मी 1974 ला आलो. खोलीवर उतरलो तेव्हा खिशात एसटीच्या भाड्यातून उरलेली चिल्लर. आबांनी विचारलं, कुणाचा? मी बापाचं नाव सांगितलं. म्हणाले, "ट्रंक तिथं ठेव. पगार सुरू हुईस्तवर वर्गणी न्हाई. पगार झाल्यावर मागचं बी न्हाई." खोलीचा तो नियमच होता. नव्या पोराला पहिला कायमचा पगार होईपर्यंत काही मागायचं नाही. जेवणाचं खानावळीत आबा सांगून ठेवायचे.

साच्यावर त्यांनी मला पहिले पंधरा दिवस हातच लावू दिला नाही. नुसतं मागं उभं राहायचं आणि बघायचं. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, इकडून तिकडं जातो, तुम्ही कापडाकडं बघायचं, धोट्याकडं न्हाई. ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एक तार तुटला तर कापडात उभी रेघ पडते, ती दिसली की साचा उभा करायचा. मग तुटलेला तार काढून, फणीतून ओढून, गाठ मारून परत चालू. आबांची गाठ इतकी बारीक की कापडावरनं बोट फिरवलं तरी लागायची न्हाई. मी मारलेली गाठ ते अंगठ्याच्या नखानं चाचपायचे आणि काही न बोलता कात्रीनं कापून टाकायचे. पुन्हा मार. मला राग यायचा. पण माझ्या उभ्या नोकरीत खराब कापडाचा दंड एकदाच बसला, ती त्यांची पुण्याई.

दारूबद्दल फार कडक. पिऊन आला तर आत घ्यायचं नाही, रात्र गॅलरीत. सकाळी चहा मात्र स्वतः नेऊन द्यायचे आणि त्या माणसाच्या बायकोला त्या महिन्याची मनीऑर्डर गेली का, एवढंच विचारायचे. गेली नसली तर त्याच्याबरोबर पोस्टात जायचे.

आणखी एक. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी, 21 नोव्हेंबर 1955 ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, त्या मोर्चात आबा होते. हे त्यांनी कधी मिरवलं नाही. मला खोलीतल्या दुसऱ्या एका म्हाताऱ्याकडून कळलं. हुतात्मा चौकातून कधी गेलो तर पायातली चप्पल काढायचे, एवढं मी पाहिलंय.

कोयनाकाठची

साचेवाले काका, वाचताना बाबांचे डोळे भरून आले. गाठीचं आम्हाला माहीत होतं, पण उलट्या बाजूनं. गावी गोधड्या शिवणाऱ्या बायकांची गाठ ते नखाने चाचपायचे आणि आजी म्हणायची, सोडा आता, गिरणी बंद पडली.

मनीऑर्डरीबद्दल मीही लिहिते. फॉर्मच्या खाली निरोपाला चार ओळींची जागा असायची. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचे निरोप आबाच लिहायचे. काही जणांच्या बायकांनी ती कुपनं जपून ठेवलीत, त्यातली दोन मला बघायला मिळाली. एकावर आहे: "पैसे मिळताच पोच लिहिणे. रेडकू विकू नये. मुलास शाळेतून काढू नये. बाकी ठीक." दुसऱ्यावर फक्त: "दिवाळीस येत नाही. आईस समजावणे." चार ओळींत काय बसवायचं आणि काय गाळायचं, हे सांगणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला दोघांनाही ठरवावं लागत असणार. मला ती कुपनं कुठल्याही मोठ्या पत्रापेक्षा जवळची वाटतात.

हेळवाककर

भूकंपाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? तुमच्या आबांचं नाव आमच्या घरात निघतं ते त्यासाठीच.

11 डिसेंबर 1967, सोमवारची पहाट, साडेचार वाजायच्या आत कोयनेला भूकंप झाला. दीडशेहून जास्त माणसं गेली, हजारो जखमी. कोयनानगर तर जमीनदोस्त झालं. धक्का मुंबईपर्यंत जाणवला होता. माझे वडील तेव्हा तुमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे पहाटे चाळ हादरली तेव्हा माणसं खाली पळाली, थोड्या वेळाने परत येऊन झोपलीसुद्धा. कोयनेचं नाव कळलं ते उजाडल्यावर. मग आपल्या भागातल्या सगळ्या खोल्यांतून एकच हलकल्लोळ. गावी फोन नाही, तार लागत नाही. बायकापोरं जिवंत आहेत की नाहीत, कळायला मार्ग नाही.

जो तो मिळेल त्या गाडीने निघाला. तुमच्या आबांनी मात्र एक काम केलं. आधी माणसं वाटून घेतली. कुणी निघायचं, कुणी थांबून पैसे आणि सामान जमवायचं. सगळेच गेले तर मागून रसद कोण पाठवणार? आबा स्वतः थांबले. बायकोमुलं गावी असताना थांबले, हे वडील आजही सांगतात. घोंगड्या, भांडी, धान्य, औषधं, डाळ-तांदूळ शिजवायला मोठी पातेली, असा ट्रक भरून ते तिसऱ्या दिवशी निघाले. आमच्या घरी त्यातली दोन घोंगडी आली. थंडीचे दिवस, घराची भिंत पडलेली, आई आम्हा भावंडांना घेऊन शेतात पालाखाली. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. त्या काळ्या घोंगड्याचा खरखरीतपणा माझ्या अंगाला अजून आठवतो.

नायगावची नात

हेळवाककर यांनी लिहिलेल्या ट्रकबद्दल मला एक भर घालायची आहे, आणि थोडं अवघड आहे तेही लिहायचंय.

मी याच गावची, पण आमची माणसं त्या खोलीत राहत नसत. आमच्या वस्तीची खोली वेगळी होती, नायगावच्या बीडीडीत. गावकीची खोली म्हणताना गावातलं कोण आणि कोण नाही, हे मुंबईतही गावासारखंच होतं. गिरणीतही तसंच. माझे पणजोबा त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईच्या खात्यात होते, साचाखात्यात नव्हते. त्या काळी धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून उष्ट्याचं कारण सांगून आमच्या लोकांना साच्यावर घेत नसत. आणि पगार साच्यावर जास्त. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. साठच्या दशकापर्यंत बरंच बदललं होतं, पण खोल्या वेगळ्याच राहिल्या.

भूकंपाच्या वेळी आमच्या खोलीनेही वर्गणी काढली होती. माझे आजोबा ती घेऊन डिलाईल रोडला गेले, ट्रक एकच करू असं सांगायला. तिथे काहींनी कुरकुर केली. तुमच्या आबांनी आमच्या खोलीची वर्गणी त्याच वहीत, त्याच पानावर लिहून घेतली आणि ट्रकमध्ये माझ्या आजोबांना सोबत नेलं. गावी पोचल्यावर सामान आधी आमच्या वस्तीत उतरलं, कारण पडझड तिथे जास्त होती. आजोबा हे सांगताना आबांचं कौतुक करायचे आणि लगेच पुढे म्हणायचे, "पर त्या खोलीत मी पानी पिलो त्यो 1967 ला, तवर उंबऱ्यावर." दोन्ही वाक्यं ते एकत्रच बोलायचे, म्हणून मीही दोन्ही लिहिलीत.

आता ते घर मंडळाचं होणार असेल, तर मंडळ सगळ्या गावाचं असावं. एवढंच म्हणायचंय.

कोयनाकाठची

ताई, तुम्ही हे लिहिलंत म्हणून मी तुमची ऋणी आहे. वही काढून पाहिली. डिसेंबर 1967 चं पान आहे. वर 'गावची खोली' आणि त्याच्या खाली 'नायगावची खोली', दोन्हींची नावं सलग लिहिलेली, बेरीज एकच. तुमच्या आजोबांचं नाव त्यात पूर्ण लिहिलेलं आहे, वडिलांच्या नावासकट. त्या पानावर असं पूर्ण लिहिलेलं दुसरं नाव नाही.

मंडळाच्या घटनेबद्दल बाबांशी कालच बोलले. सभासद होण्याची अट 'गावचा रहिवासी किंवा त्याचा वारस' इतकीच राहील, वाडी-वस्तीचा उल्लेख नको, असं ते मांडणार आहेत. बैठकीला तुमच्याकडचं कुणीतरी हवंच. तारीख ठरली की कळवते.

तिसरी पाळी

चार दिवस हा धागा वाचतोय. लिहू की नको, असं चाललं होतं. पण सगळे इतकं चांगलं लिहीत असताना मी गप्प राहिलो तर तेही बरोबर होणार नाही.

माझे वडील त्या खोलीत अठरा वर्षं राहिले. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करायचं होतं, आणि एकाच संघटनेला मान्यता देणारा कायदा जायला हवा होता. डॉक्टर दत्ता सामंतांवर वडिलांचा पूर्ण विश्वास होता. शेवटपर्यंत ते गिरणीच्या आत कामावर गेले नाहीत. गावी येऊन दुसऱ्याच्या रानात मजुरी केली. माझ्या मोठ्या बहिणीची शाळा सातवीत सुटली.

तुमचे आबा 1983 च्या पावसाळ्यात कामावर गेले. खोलीतले आणखी काही जण त्यांच्या मागून गेले. वडिलांचं म्हणणं, आबा गेले नसते तर ते गेले नसते. ज्या माणसाच्या शब्दावर खोली चालायची, तोच आत गेला. त्यानंतर वडील त्यांच्याशी कधी बोलले नाहीत. गावात समोरासमोर आले तरी नाही. आबा थांबायचे, वडील निघून जायचे. चाळीस वर्षं.

मी भांडायला आलेलो नाही. आबांनी मला लहानपणी पाटी-दप्तर आणून दिलं होतं, आईच्या हाती, वडिलांना कळू न देता. पण हेही त्यांच्या आयुष्यातलंच आहे.

कोयनाकाठची

दादा, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. आमच्या घरात ते सगळ्यांना माहीत आहे. आबांना मी एकदा सरळ विचारलं होतं, तुम्ही का गेलात म्हणून. ते म्हणाले, "गेलो." पुढे काही नाही. आजी म्हणायची की त्या वर्षी घरात दोन वेळची भाकरीसुद्धा नव्हती, पण ती तर तुमच्या घरीही नव्हती. कारण पुढे करून त्यांची बाजू मी मांडणार नाही, त्यांनी स्वतःच कधी मांडली नाही. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी सोसलं ते फार मोठं आहे.

साचेवाला

मी पण 83 लाच आत गेलो. आबांच्या मागनं नाही, माझ्या पोटासाठी. जे गेले आणि जे नाही गेले, दोघांचंही शेवटी गिरणीनं काही ठेवलं नाही. चिमणी आता तिथं नाही, टॉवर आहे.

खानावळीची नात

माझी आजी त्या चाळीत तळमजल्यावर खानावळ चालवायची. आज्जीच्या हाताखाली माझी आई वाढपी होती, म्हणून हे तिच्याकडून आलेलं.

संपाच्या काळात खानावळवाल्या बायकांचं काय झालं, हे फार कमी लिहिलं जातं. पगार बंद म्हणजे खानावळीचे पैसे बंद. पण जेवायला येणाऱ्याला 'उद्यापासून येऊ नको' असं कोण म्हणणार? आजीने सुरुवातीचे महिने सगळ्यांना उधारीवर जेवू घातलं. माणसं हळूहळू गावी गेली, उधारी मागे राहिली. वाणी तर तिच्या दाराशी येऊन बसायचा. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्यांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं, त्यातून आजीला पूर्वी बँकेचं कर्ज मिळालं होतं. त्याचे हप्तेही थकले. मंगळसूत्र तेव्हाच गेलं.

आबा कामावर जायला लागल्यावर पहिल्या पगाराच्या दिवशी आजीकडे वही घेऊन आले. खोलीतल्या माणसांची एकूण उधारी किती, ते तिला विचारलं. स्वतःची नव्हे, खोलीची. ती मांडून घेतली आणि दर पगाराला थोडे थोडे देत गेले. त्यांच्यासोबत कामावर गेलेल्या दोघा-तिघांनीही त्यात भर घातली. पूर्ण फिटायला काही वर्षं लागली. आई म्हणते, सगळ्यात शेवटचे पैसे आले तेव्हा आजीने आबांना जेवायला बसवलं आणि पैसे घेतले नाहीत.

ते कशासाठी कामावर गेले ते मला ठाऊक नाही. या उधारीसाठीच गेले, असं मी म्हणत नाही. घडलं ते सांगितलं. बाकीच्या सगळ्याच खोल्यांनी असं केलं असंही नाही. आजीची कितीतरी उधारी तशीच बुडाली.

आंबेडखोऱ्यातला

हे कुठेतरी नीट नोंदवून ठेवायला हवं. खानावळीच्या वह्या कुणाकडे असतील तर त्या रद्दीत घालू नका, एवढी विनंती.

तिसरी पाळी

काल रात्री हा सगळा धागा वडिलांना वाचून दाखवला. खानावळीच्या मावशी त्यांना चांगल्या आठवतात. त्यांच्याकडे स्वतःची चार महिन्यांची उधारी होती, हेही त्यांनीच सांगितलं. ती फिटली होती, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैसं फेडलं ते बरं केलं. पर आत जायाला नको हुतं."

सकाळी उठल्यावर त्यांनी विचारलं की वहीत त्यांच्या नावापुढे किती लिहिलंय, ते कळेल का. त्यांना ते पैसे द्यायचे आहेत. मी म्हटलं, आता कुणाला देणार? तर म्हणाले, खोलीला.

सह्याद्री72

एक व्यवहाराची सूचना. भाडेपावती आबांच्या नावावर असल्यामुळे घर आधी वारसांच्याच नावावर येईल. नंतर मंडळाकडे वापर कसा द्यायचा, याचा लेखी करार चांगल्या वकिलाकडून करून घ्या. पुनर्विकासातल्या घरांच्या हस्तांतरावर बंधनं असतात, तेव्हा घाईने बक्षीसपत्र वगैरे करू नका. मंडळ नोंदणीकृत आहे का? हिशेब तपासलेले आहेत का? चांगला हेतू कागदावर नीट उतरला नाही तर पुढची पिढी कोर्टात उभी राहते.

शिवाय आबांनी गिरणी कामगारांच्या घरासाठी म्हाडाकडे अर्ज केला होता का? 2012 ला पहिली सोडत निघाली, पण अर्ज दीड लाखाहून जास्त आणि घरं त्या मानाने फारच कमी, त्यामुळे बरेच जण अजून वाटच पाहतायत. अर्ज असेल तर वारस म्हणून तुमच्या आजींचं किंवा वडिलांचं नाव लावून घ्या. गिरणीचा पास, पीएफची पावती, ईएसआयचं कार्ड यातलं जे असेल ते जपा.

कोयनाकाठची

अर्ज आहे. घर लागलं नाही. आजी तीन वर्षांपूर्वीच गेली, त्यामुळे वारस म्हणून बाबांचं आणि काकांचं नाव लावायचं काम या आठवड्यात करतो. पास आणि ईएसआयचं कार्ड ट्रंकेतच सापडलं. पासवरच्या फोटोतले आबा विशीतले आहेत, टोपी तिरकी, आम्ही कुणी त्यांना तसं पाहिलेलं नाही. वकिलांशीही बोलणं सुरू केलंय. मंडळाची नोंदणी आहे, पण हिशेब अलीकडे तपासलेले नाहीत, ते आधी करावं लागेल.

तिसरी पाळी, तुमच्या वडिलांचं पान सापडलं. खानावळीची उधारी 212 रुपये, पुढे आबांच्या अक्षरात 'फिटली' आणि तारीख मार्च 1985. त्या पानाचा फोटो तुम्हाला निरोपातून पाठवला आहे. 'फिटली' असा शेरा आणखी अकरा जणांच्या नावापुढे आहे. ती नावं इथे उघड टाकत नाही, ज्यांच्या घरची माणसं त्या खोलीत होती त्यांनी मला निरोप करावा, मी आपापलं पान पाठवेन.

पाचही चोपड्यांचे फोटो काढण्याचं काम माझ्या धाकट्या भावाने हाती घेतलंय. तिसऱ्या चोपडीला कसर लागली आहे, तिची पानं जपून सोडवावी लागतील. कुणाला या कामाची माहिती असेल तर सांगा.

मंडळाची बैठक यात्रेनंतरच्या रविवारी, गावच्या देवळात, सकाळी दहाला. नायगावची नात, तुमच्याकडचे दोघे येतो म्हणालेत. हेळवाककर, तुम्हीही वडिलांना घेऊन या. तिसरी पाळी, तुमच्या वडिलांना यायचं असेल तर बाबा स्वतः गाडी घेऊन येतील, आणि नसेल यायचं तर त्यांनी द्यायचे म्हटलेले पैसे घ्यायला घरी येतील, पावती घेऊन.